आल्प्सच्या घाटांत स्पोर्ट बाईक: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आयडीपीपासून हेअरपिनपर्यंत

आल्प्समध्ये बाईक चालवायची ठरली की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात. तुम्ही आधी लायसन्स आणि पासपोर्ट बाहेर काढा. घाट कुठे पळून जात नाहीत, आयत्या वेळी अडतं ते कागदांवर. भारतातून जाऊन तिथे भाड्याने स्पोर्ट किंवा स्पोर्ट-टूरिंग बाईक घ्यायची आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंडमधले घाट फिरायचे, असा बेत असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. या सगळ्यातून मी गेलोय. माहिती दहा ठिकाणी विखुरलेली असते आणि नेमकी हवी ती सापडत नाही, म्हणून क्रमाने एका जागी मांडतो.

सुरुवातीलाच एक आग्रह. अंतर कमी ठेवा. घाटरस्त्यावर दिवसाला दोनशे किलोमीटर, फार तर अडीचशे. आपण पुणे-गोवा एका दिवसात करतो, त्या हिशेबाने तिथे चारशे किलोमीटर आखले तर दुपारनंतर मनगटं आणि मान बोलायला लागतात. मग दिवसातल्या शेवटच्या घाटात नजर रस्त्यावर आणि मन हॉटेलात, अशी अवस्था होते. स्पोर्ट बाईकवर तर हे फारच लवकर होतं. पुढचं सगळं नियोजन या एका आकड्याभोवती करा.

१. आधी महिना ठरवा

उंच घाट हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात. ऑस्ट्रियाचा ग्रोसग्लॉकनर रस्ता साधारण मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालू असतो. इटलीतला स्टेल्वियो आणि स्वित्झर्लंडमधले फुर्का, सुस्टन हे घाट साधारण जूनमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरात कधीही बंद होऊ शकतात. त्यामुळे जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर धरा. जूनमध्ये दिवस मोठा असतो, रात्री नऊपर्यंत उजेड. सप्टेंबरात गर्दी ओसरलेली असते.

ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टला इटलीत 'फेर्रागोस्तो'ची सुट्टी असते आणि त्या आठवड्यात डोलोमाइट्स डोंगररांगेत गाड्यांची रांग हलत नाही. शनिवार-रविवारी आजूबाजूच्या देशांतले बाईकवाले, सायकलवाले आणि कॅराव्हॅनवाले सगळेच घाटात उतरतात. म्हणून नावाजलेले घाट मंगळवार ते गुरुवार या दिवसांत बसवा. काही घाट वर्षातून एखादा दिवस फक्त सायकलींसाठी राखून मोटारगाड्यांना बंद ठेवतात. स्टेल्वियोवर आणि सेला पर्वताभोवती असे दिवस असतात. त्या वर्षीच्या तारखा बुकिंगच्या आधी बघून घ्या.

२. लायसन्स आणि आयडीपी

लायसन्सवर 'एमसीडब्ल्यूजी', म्हणजे गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग आहे ना, हे तपासा. फक्त 'एलएमव्ही' असेल तर पुढे जाऊच नका.

मग आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी. तो तुमचं लायसन्स ज्या आरटीओच्या अखत्यारीत आहे तिथूनच मिळतो. सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए भरायचा, पासपोर्टची प्रत जोडायची, शुल्क १००० रुपये. परवाना एक वर्ष चालतो. हातात आला की तिथेच उघडून दुचाकीच्या रकान्यावर शिक्का आहे की नाही ते बघा. फक्त कारच्या रकान्यावर शिक्का मारलेला परवाना हातात देतात आणि आपण तो तसाच खिशात घालतो, असं होऊ शकतं.

आयडीपी एकट्याने काही कामाचा नाही. तो मूळ लायसन्सचा अनुवाद आहे, त्यामुळे मूळ कार्ड सोबत हवंच. मोबाईलमधलं डिजिलॉकर तिथे कुणी धरत नाही. भाड्याने गाडी देणाऱ्याला आधीच ईमेल करून विचारा: भारतीय लायसन्स आणि भारतात मिळालेला आयडीपी चालेल का, आणि मी ज्या देशांतून जाणार आहे त्या सगळ्यांत तो विमा लागू राहील का? उत्तर लेखी घ्या आणि छापून जवळ ठेवा. फोनवर 'यस, नो प्रॉब्लेम' म्हणणारा माणूस काउंटरवर त्या दिवशी असेलच असं नाही.

३. व्हिसा आणि विमा

शेंगेन व्हिसा एकच, आणि स्वित्झर्लंडही त्यात येतं. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे सर्वाधिक रात्री काढणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तिथे. चार देशांच्या फेरीत हा हिशेब नेमका हवा. म्युनिकला उतरलात म्हणून जर्मनीचाच व्हिसा, असं नाही. इटलीत जास्त रात्री असतील तर अर्ज इटलीकडे जातो.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो जायलाच हवा. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळतानाच नाकी नऊ येतात, तेव्हा तीन-चार महिने आधी लागा. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा.

विम्याच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र करू नका. व्हिसासाठी लागतो तो प्रवास-वैद्यकीय विमा, किमान ३०,००० युरोचा. गाडीचा विमा भाड्याने देणारा देतो. सापळा पहिल्या विम्यात आहे. अनेक पॉलिस्यांत मोटारसायकल चालवताना झालेली इजा वगळलेली असते, किंवा इंजिनच्या सीसीवर मर्यादा असते. व्हिसा अधिकाऱ्याला ती पॉलिसी चालते, पण घाटात हात मोडला तर तिचा उपयोग शून्य. म्हणून वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा, आणि हजार सीसीची भाड्याची मोटारसायकल त्यात बसते का ते कंपनीकडून लेखी घ्या. हेलिकॉप्टरने उचलून नेण्याचा खर्च धरलाय का, हेही विचारा. आल्प्समध्ये जखमींना तसं न्यावं लागणं नवलाचं नाही.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं असलेला
- मूळ लायसन्स आणि आयडीपी
- प्रवास विम्याची छापील प्रत, तातडीच्या क्रमांकासह
- गाडीचं नोंदणीपत्र आणि आंतरराष्ट्रीय विम्याचं 'ग्रीन कार्ड' (दोन्ही भाड्याने देणारा देतो, सीटखाली कुठे ठेवलीत ते विचारून घ्या)
- भाडेकरार, त्यात परवानगी असलेल्या देशांची यादी
- स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड, पुरेशी मर्यादा असलेलं
- अपघाताचा युरोपीय छापील फॉर्म (हाही भाड्याने देणाऱ्याकडे मिळतो)

क्रेडिट कार्डाचं महत्त्व कमी समजू नका. डिपॉझिटपोटी मोठी रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, आणि बऱ्याच ठिकाणी डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड त्यासाठी चालत नाही.

४. गाडी कुठली

इथे मी थोडा हटून बसणार आहे. यामाहा आर वन, पानिगाले, एस थाउजंड आरआर या गाड्या सुंदर आहेत, पण पहिल्या आल्प्स सहलीसाठी त्या घेऊ नका. दोन कारणं. अशा गाड्यांचं हँडल फार कमी वळतं आणि पहिला गिअर उंच असतो, त्यामुळे चालण्याच्या वेगाने घ्यायच्या वळणात क्लच जळत राहतो. आणि उतारावर सगळा भार मनगटांवर येतो. आल्प्समध्ये जितकं चढाल तितकंच उतरायचं असतं.

स्पोर्ट बाईकचा स्वभाव हवा आणि दिवसभर बसताही यायला हवं, तर निंजा १०००एसएक्स, बीएमडब्ल्यू आर १२५०आरएस, डुकाटी सुपरस्पोर्ट ९५० किंवा सुझुकी जीएसएक्स-एस१०००जीटी यांच्या वर्गातली गाडी शोधा. जड वाटत असेल तर सहाशे-सातशे सीसीचीही भरपूर झाली. घाटात शंभर घोड्यांच्या पुढची ताकद वापरायला सरळ रस्ताच मिळत नाही.

बुकिंग करताना विचारायचे प्रश्न: रोज किती किलोमीटर भाड्यात धरलेत? वयाची आणि लायसन्सच्या वर्षांची अट काय? गाडी पडली तर माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार? रस्त्यात बंद पडली तर दुसऱ्या देशातून उचलून आणाल का? आणि टायर कोणते? ट्रॅकसाठीचे मऊ टायर सकाळच्या थंडीत आणि पावसात पकड धरत नाहीत. स्पोर्ट-टूरिंग टायर मागा.

गाडी ताब्यात घेताना ओरखडे, लिव्हरची टोकं, आरसे, एक्झॉस्ट आणि टायरची नक्षी यांचा व्हिडिओ काढा, किलोमीटरचा आकडा त्यात दिसू द्या. मग निघण्याआधी क्लच-ब्रेक लिव्हर स्वतःच्या बोटांना बसतील असे करून घ्या, आणि टँक बॅग लावून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. बॅग मध्ये येऊन हॉर्न दाबला जात असेल तर ते दुकानातच कळलेलं बरं.

५. अंगावर आणि बॅगेत

हेल्मेट ईसीई या युरोपीय मानकाचं हवं, हनुवटीच्या पट्टीवर वर्तुळातल्या 'ई'चा शिक्का असतो. नुसतं आयएसआय पुरणार नाही. भारतात दोन्ही शिक्के असलेली हेल्मेट मिळतात, तेच न्या. फ्रान्समध्ये शिरणार असाल तर सीई शिक्क्याचे हातमोजे २०१६ पासून सक्तीचे आहेत आणि चमकता पट्टेदार जॅकेट जवळ बाळगावं लागतं. ऑस्ट्रियात दुचाकीवरही प्रथमोपचाराची पेटी हवी. भाड्याच्या गाडीत ती आहे का बघा.

कपड्यांचा हिशेब उंचीवरून करा. साधारण हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं. स्टेल्वियोच्या पायथ्याचं प्रातो गाव ९०० मीटरच्या आसपास, माथा २७५७ मीटरवर. म्हणजे खाली २५ अंश असताना वर १३, त्यात वारा. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, तिथला डिसेंबरातला गारठा आठवा आणि आणखी हजार मीटर वर गाडी चालवताय असं समजा. अंगालगतचा एक थर्मल थर, जाळीच्या जॅकेटवर चढवायचा वाराबंद थर, पूर्ण वॉटरप्रूफ सूट आणि हातमोज्यांचे दोन जोड, एवढं हवंच. ओल्या हातमोज्यांत बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज जातो.

स्पोर्ट बाईकला बाजूचे डबे क्वचितच असतात. तीस-चाळीस लिटरची टेल बॅग आणि छोटी टँक बॅग, यात बसेल तेवढंच सामान. पाठीवर जड सॅक घेऊ नका, खांदे दुसऱ्या दिवशीच भरून येतात.

६. मार्ग

म्युनिकहून निघून म्युनिकला परत, ही पहिल्यांदा जाणाऱ्यांना सोपी पडणारी फेरी. टप्पे असे:

म्युनिक ते झेल आम झे. पहिला दिवस फक्त गाडी आणि रस्त्याची बाजू अंगवळणी पाडण्यासाठी, घाट छोटे.

ग्रोसग्लॉकनर पार करून हायलिगनब्लुट, लिएन्झ. १९३५ मध्ये उघडलेला हा सुमारे ४८ किलोमीटरचा रस्ता रुंद आहे, डांबर उत्तम आणि ३६ मोठी वळणं नीट आखलेली. उंच घाटाची सुरुवात याच्यावर करा. वाटेत एडेलवाइसस्पिट्झं हे २५७१ मीटरवरचं टोक आहे, तिथे जाणारा फाटा अरुंद आणि दगडी फरशीचा. वर गाडी लावताना तोंड चढाकडे ठेवा, पहिल्या गिअरमध्ये टाका, मगच स्टँड सोडा.

लिएन्झहून कोर्तिना आणि डोलोमाइट्स. जियाऊ (२२३६ मीटर) आणि मग सेला पर्वताभोवतीचे चार घाट: पोर्दोई, सेला, गार्देना, काम्पोलोंगो. ही प्रदक्षिणा जेमतेम पंचावन्न-साठ किलोमीटरची, पण तिला पूर्ण दिवस द्या. मला विचाराल तर अख्ख्या सहलीतला सर्वांत देखणा भाग हाच. सकाळी आठला निघालात तर पोर्दोईची वळणं तुम्हाला जवळजवळ मोकळी मिळतात, आणि समोर सेलाचे उभे पिवळसर कडे उन्हात येत असतात. अकरानंतर तिथेच बसच्या मागे रांगावं लागतं.

बोल्झानो, मेरानोमार्गे प्रातो आणि स्टेल्वियो. १८२० ते १८२५ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्याने कार्लो दोनेगानी या अभियंत्याकडून बांधून घेतलेला हा रस्ता आहे, घोडागाड्यांच्या मापाचा. प्रातोकडून ४८ हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणारी वळणं, आणि प्रत्येकीवर क्रमांकाची पाटी, वर जाताना आकडा उतरत जातो. सकाळी सातला पायथ्याशी असा. चढून झाल्यावर उंब्राईलमार्गे स्वित्झर्लंडमध्ये उतरा.

तिथून ओफन, फ्ल्यूएला, ओबरआल्प करत आंडरमाट. आंडरमाटला दोन रात्री ठेवा. फुर्का (२४२९), ग्रिम्झेल (२१६४) आणि सुस्टन (२२२४) यांची सुमारे १२० किलोमीटरची फेरी सामान हॉटेलात ठेवून, हलक्या गाडीने करता येते. गॉटहार्डचा जुना ट्रेमोला रस्ता जवळच आहे, पण तो दगडी फरशीचा. पावसात स्पोर्ट बाईक तिकडे नेऊ नका.

परतीला क्लाउझन घाट आणि ब्रेगेन्झमार्गे म्युनिक.

नेव्हिगेशनमध्ये 'महामार्ग टाळा' चालू ठेवा, पण 'टोल टाळा' लावू नका. नाहीतर ॲप तुम्हाला ग्रोसग्लॉकनरच टाळून भलतीकडून नेईल. आणि युरोपीय संघाचं सिमकार्ड स्वित्झर्लंडमध्ये आपोआप चालेल असं धरू नका. स्वित्झर्लंड संघात नाही, त्यामुळे रोमिंगचं बिल भरमसाट येऊ शकतं. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या.

घाटाच्या पायथ्याला मोठी पाटी असते, घाट उघडा की बंद ते सांगणारी. जर्मन भागात 'ऑफन' म्हणजे उघडा, 'गेश्लोसन' म्हणजे बंद. इटालियन भागात 'आपेर्तो' आणि 'क्यूझो'. ॲप काहीही म्हणो, पाटी मानायची.

७. टोल, विन्येट आणि पेट्रोल

जर्मनीत मोटारसायकलला टोल नाही. ऑस्ट्रियाच्या महामार्गांना 'विन्येट', म्हणजे ठरावीक मुदतीचा पास लागतो, कमी दिवसांचंही मिळतं. स्वित्झर्लंडमध्ये वर्षभराचं एकच, ४० फ्रँकचं. फक्त घाटरस्त्यांनीच जाणार असाल तर दोन्हीकडे त्याची गरज नाही, पण चुकून महामार्गावर शिरलात की दंड. डिजिटल विन्येट नंबरप्लेटवर असतं, म्हणून गाडीचा नंबर कळल्यावरच घ्या. इटलीत महामार्गावर नाक्यावर पैसे भरायचे. ग्रोसग्लॉकनर आणि टिमेल्सयोख या घाटांचा टोल वेगळा. हे दोन्ही घाट रात्री बंद असतात.

पेट्रोल भरताना नळीच्या रंगावर विश्वास ठेवू नका, देशागणिक तो बदलतो. खूण बघा: वर्तुळात 'ई५' किंवा 'ई१०' म्हणजे पेट्रोल, चौकोनात 'बी७' म्हणजे डिझेल. इटलीत 'गाझोलियो' हे डिझेल असतं, नावावरून फसू नका. तिथे पंपावर 'सेर्वितो' लिहिलेल्या बाजूला माणूस भरून देतो आणि दर जास्त असतो. 'फाई दा ते'च्या बाजूला स्वतः भरायचं. स्पोर्ट बाईकची टाकी लहान असते, म्हणून घाट चढण्याआधी खालच्या गावात टाकी भरून घ्या. बोर्मियोजवळचं लिव्हिन्यो हे करमुक्त गाव आहे, पेट्रोल तिथे बरंच स्वस्त.

८. उजव्या बाजूची सवय

सरळ वर्दळीच्या रस्त्यावर चूक होत नाही, कारण पुढची गाडी दिसत असते. चूक होते ती फोटोसाठी थांबून परत निघताना, पंपातून बाहेर पडताना, सकाळी हॉटेलच्या आवारातून रिकाम्या रस्त्यावर येताना. टँकवर चिकटपट्टीचा उजवीकडे जाणारा बाण लावा. गाडी सुरू करताना तो नजरेस पडतोच.

वर्तुळाकार चौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं आणि आत असलेल्याला, म्हणजे डावीकडून येणाऱ्याला, वाट द्यायची. गावातल्या साध्या, पाटी नसलेल्या चौकात मात्र उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो गल्लीतून येत असला तरी. टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली की तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात.

९. हेअरपिन: उजवी जास्त अवघड

आपल्याकडे डावीकडून चालवत असल्याने घाटातलं डावं वळण आतलं, तंग असतं आणि उजवं ऐसपैस. वरंधा किंवा आंबोलीत वर्षानुवर्षं चालवून अंगात बसलेली हीच सवय. आल्प्समध्ये बरोबर उलट होतं. उजवी हेअरपिन आतली, तंग आणि चढाला जवळजवळ उभी. स्पोर्ट बाईक आडवी होते ती बहुधा तिथेच, आणि तीही अगदी हळू असताना.

करायचं असं. वळणाच्या आधी वर बघा, वरून कुणी उतरताना दिसतं का ते पाहा. वेग सरळ रस्त्यावरच कमी करा, पहिला गिअर टाका. आपल्या लेनच्या डाव्या कडेला, पण मधल्या रेषेच्या आत, थोडं थांबल्यासारखं पुढे जा आणि उशिरा वळा. लवकर वळलात तर बाहेर पडताना समोरच्या लेनमध्ये जाल. मान पूर्ण फिरवून वळणाच्या शेवटाकडे बघा. नजर पुढच्या चाकासमोर पडली की गाडीही तिथेच पडते. ॲक्सिलरेटर हलकासा स्थिर, क्लच अर्धा, मागचा ब्रेक किंचित दाबलेला. क्लच पूर्ण ओढू नका आणि वळणात असताना पुढचा ब्रेक धरू नका.

डाव्या वळणात धोका वेगळा. गाडी झुकली की चाकं आपल्या लेनमध्ये असतात, पण डोकं मधल्या रेषेपलीकडे जातं, आणि समोरून बस येते. डाव्या वळणात लेनच्या उजव्या बाजूलाच राहा. ऑस्ट्रियातल्या काही घाटांत त्यासाठी रस्त्यावर पांढऱ्या लंबवर्तुळांच्या खुणा रंगवल्यात, त्यांच्या बाहेरून जा.

उतरताना गुडघ्यांनी टँक आवळून धरा, म्हणजे मनगटं मोकळी राहतात. इंजिन ब्रेकिंगवर भर द्या.

याचा सराव घरीच करून जा. मोकळ्या मैदानात दोन शंकू ठेवून उजवीकडचे लहान यू-टर्न रोज मारा, तेही याच बसण्याच्या पद्धतीच्या गाडीवर. निघण्याआधी निदान एक सलग आठवडा.

रस्त्यावर तीन गोष्टींवर डोळा ठेवा. भेगा बुजवायला ओतलेले डांबराचे काळे चमकते पट्टे उन्हात मऊ आणि पावसात गुळगुळीत होतात. गुरं अडवण्यासाठी रस्त्यात बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांवरून गाडी सरळ उभी ठेवून जा. आणि बोगद्यात शिरताना काळी काच वर करा, आत पाणी ठिबकत असतं आणि पहिले दोन सेकंद काहीच दिसत नाही.

१०. वेग, आवाज आणि पिवळी बस

गावात सगळीकडे ५०. गावाबाहेर स्वित्झर्लंडमध्ये ८०, इटलीत ९०, ऑस्ट्रिया-जर्मनीत १००. स्वित्झर्लंडमध्ये दंड जबर असतो आणि ८० च्या रस्त्यावर मर्यादेपेक्षा ६० ने जास्त वेग हा तुरुंगाची शिक्षा होऊ शकणारा गुन्हा आहे. ऑस्ट्रियात २०२४ पासून अतिवेगाला गाडी जप्त करण्याची तरतूद आहे.

आवाजाचा नियम स्पोर्ट बाईकवाल्यांनी खास लक्षात ठेवावा. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातल्या रॉयटं जिल्ह्यातले काही रस्ते, त्यात लेख नदीच्या खोऱ्याचा रस्ता आला, उन्हाळ्यात ९५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाच्या मोटारसायकलींना बंद असतात. २०२० मध्ये हे सुरू झालं. तिथे मोजतात ते उभ्या गाडीचा नोंदणीपत्रावर छापलेला आवाज, रकाना 'यू.१'. तुम्ही हळू चालवलंत तरी फरक पडत नाही. गाडी घेतानाच तो रकाना बघा. म्युनिकजवळचा केसेलबर्ग घाटही शनिवार-रविवारी मोटारसायकलींना एका दिशेने बंद असतो.

इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेडटीएल', म्हणजे परवानगीशिवाय गाड्यांना बंदी असलेला भाग असतो, लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा. हॉटेल आत असेल तर आधी फोन करून गाडीचा नंबर नोंदवून घ्या.

आणि स्विस पोस्टबस. निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की तो डोंगरी पोस्टरस्ता. तिथे पिवळ्या बसचा मान पहिला, आणि चालक हाताने मागे व्हा म्हणाला तर मागे व्हायचं. आंधळ्या वळणाआधी ती तीन सुरांचा हॉर्न वाजवते, रॉसिनीच्या विल्यम टेल संगीतातले सूर. ग्रिम्झेलच्या चढावर हेल्मेटच्या आतूनही तो स्पष्ट ऐकू येतो. ऐकलात की वळणात शिरू नका. आधीच्या सरळ तुकड्यात कडेला थांबा, पाय टेकवा आणि बस पूर्ण वळून येऊ द्या. तिला अख्खी हेअरपिन लागते.

तातडीचा क्रमांक सगळीकडे ११२. डोंगरातल्या सुटकेसाठी ऑस्ट्रियात १४० आणि स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर सेवेचा १४१४.

११. मुक्काम आणि जेवण

'मोटोराडहोटेल' अशी पाटी असलेली हॉटेलं निवडा. बंद गॅरेज आणि ओले कपडे वाळवायची खोली मिळते. रात्री आठच्या आत पोचा, स्वयंपाकघर लवकर बंद होतं, आणि दुपारी दोन ते सहा गरम जेवण मिळेलच असं नाही. रविवारी दुकानं बंद असतात. शाकाहारींनी केझश्पेट्झलं (चीज घातलेला पास्त्यासारखा पदार्थ), पालकाचे क्नोडेल (पावाचे उकडलेले गोळे), टोमॅटोचा पास्ता यावर भागवावं, पण 'श्पेक नको' असं आवर्जून सांगा. डुकराच्या मांसाचे ते बारीक तुकडे सांगितल्याशिवायही पडतात. दुपारचे गडगडाटी पाऊस तिथे नित्याचे आहेत, म्हणून उंच घाट दुपारी दोनच्या आत उरकून टाका.

१२. गाडी परत करताना

टाकी भरा आणि पावती ठेवा. गाडी धुऊन द्यायची अट करारात असेल तर आदल्या संध्याकाळीच धुवा. ज्या क्रमाने घेताना व्हिडिओ काढला त्याच क्रमाने परत काढा, आणि कर्मचाऱ्याने गाडी तपासून कागदावर सही केल्याशिवाय विमानतळाकडे निघू नका. विमान त्याच दिवशीचं ठेवूच नका.

दंडाच्या नोटिसा उशिरा येतात. परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीत ३६० दिवसांची मुदत आहे, आणि भाड्याने देणारा तुमचा पत्ता कळवल्याबद्दल वेगळा आकार कार्डावर लावतो. करार, टोलच्या पावत्या आणि मुक्कामांच्या तारखा वर्षभर जपून ठेवा. नोटीस आली तर आधी तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर त्यांच्याशी ताडून बघा. बरोबर असेल तर लगेच भरा, इटलीत पहिल्या पाच दिवसांत भरल्यास बऱ्याच दंडांवर ३० टक्के सूट मिळते.